हस्तमैथुनाची भीती : आजार नव्हताच, उपचार मात्र भयंकर होते

संध्याकाळच्या ओपीडीत अधूनमधून एक ठरावीक रुग्ण येतो. वय अठरा ते बावीस. थकवा, कंबरदुखी, अभ्यासात लक्ष लागत नाही. तपासणीत काही सापडत नाही. उठता उठता तो खालच्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, धात जाते." हस्तमैथुनामुळे आपले शरीर आतून पोखरले गेले आहे, अशी त्याची खात्री झालेली असते.

ही भीती फक्त भोंदू वैदूंनी पसरवलेली नाही. ती पसरवण्यात माझ्याच व्यवसायातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचा हात होता.

स्वित्झर्लंडमधील तिसो या नामवंत डॉक्टरने १७६० साली या विषयावर फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध केले. एक औंस वीर्य गमावणे हे चाळीस औंस रक्त गमावण्यापेक्षा घातक, असे त्याचे म्हणणे. हस्तमैथुन हे धर्माच्या दृष्टीने आधीच पाप होते. आता ते आजारांचे कारणही ठरले. अंधत्व, क्षय, फेफरे, वेड, सगळ्याचे खापर त्यावर फुटू लागले. योगायोग पाहा, आपल्याकडेही 'चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब' असे सांगितले जाते. दोन्हींना शास्त्रीय आधार शून्य.

भीतीपाठोपाठ उपचार आले. फ्रान्समध्ये लालमाँ हा शल्यचिकित्सक 'वीर्यनाशा'वर उपाय म्हणून मूत्रमार्गात नळी घालून तो सिल्व्हर नायट्रेटने आतून भाजत असे. मुलांनी रात्री घालायच्या, आतून काटे असलेल्या धातूच्या कड्या निघाल्या. लंडनच्या आयझॅक बेकर ब्राउनने फेफरे आणि हिस्टेरियावर उपाय म्हणून स्त्रियांचा शिश्निका हा अवयवच कापून टाकला. १८६७ साली तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्याला काढून टाकले. अमेरिकेतील डॉ. जॉन हार्वे केलॉग याने मुलांची सुंता भूल न देता करावी, म्हणजे वेदना शिक्षेसारखी लक्षात राहील, असे लिहिले. मुलींच्या शिश्निकेवर कार्बोलिक ॲसिड लावण्याचा सल्लाही त्याचाच. हे सगळे निरोगी मुलामुलींवर, त्यांच्या 'भल्यासाठी'.

एवढी शिकलेली माणसे फसली कशी? वेड्यांच्या इस्पितळात काही रुग्ण उघडपणे हस्तमैथुन करताना दिसत. डॉक्टरांनी त्यालाच वेडाचे कारण मानले. क्षयाचा जंतू १८८२ पर्यंत सापडलेला नव्हता, त्यामुळे खंगत चाललेल्या तरुणाला विचारले की तो रडत 'कबुली' देई आणि निदान पक्के होई.

एक साधी गोष्ट राहून गेली. निरोगी तरुणांना कोणी विचारलेच नाही. विचारले असते तरी कोण खरे सांगणार? विषयच पापाचा. ज्या नीतीने मुलांना गप्प केले, तिनेच डॉक्टरांची चूक दीडशे वर्षांहून अधिक काळ झाकून ठेवली. १९४८ साली अमेरिकेतील किन्सी यांनी हजारो पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल छापला. त्यातील सुमारे ९२ टक्के पुरुषांनी कधी ना कधी हस्तमैथुन केलेले होते. म्हणजे त्याने वेड लागत असते, तर जवळजवळ सगळेच पुरुष वेडे व्हायला हवे होते!

आपल्याकडे ही गप्प राहण्याची रीत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मोडली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरे दिली. त्याबद्दल अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरीही कर्व्यांना दंड झालाच.

आज शास्त्र काय सांगते? वयात आल्यावर शुक्रजंतू रोज तयार होतात. वीर्य साठवल्याने ताकद वाढत नाही, गेल्याने घटत नाही. झोपेत वीर्यपतन होणे नैसर्गिक आहे, पण आपण त्यालाही नाव दिले 'स्वप्नदोष'. दोष कसला? लघवी गढूळ दिसणे हे बऱ्याचदा फॉस्फेटच्या क्षारांमुळे असते. या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि चिंतेला मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. त्रास खरा असतो, कारण चुकीचे असते.

लघवीला जळजळ, पू किंवा रक्त असेल तर जरूर तपासून घ्या. थकवा टिकून असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहावे लागते, नैराश्य नाही ना हेही विचारावे लागते. 'गुप्तरोग' आणि 'ताकद' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका.

आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी वयात येण्याआधीच चार वाक्ये बोला. अवघडल्यासारखे होईल, होऊ दे. तुम्ही बोलला नाहीत, तर भिंतीवरची जाहिरात बोलेल.