नवी डिस्क, जुने आकडे

नवी हार्ड डिस्क जोडली आणि डेस्कटॉप अडून बसला, की संशय दोघांवर जातो: डिस्क खराब निघाली, नाहीतर जोडणाऱ्याचा हात चुकला. पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास मात्र तिसऱ्याच आरोपीकडे बोट दाखवतो. दुरुस्ती करणाऱ्यांना ज्या बिघाडांनी खरे छळले, ते बहुधा कोणीतरी पूर्वी ठरवलेल्या एखाद्या आकड्यातून आले होते. ठरवला तेव्हा तो आकडा ऐसपैस वाटला होता, आणि डिस्क बदलेपर्यंत तो आहे याचीही कोणाला खबर नव्हती. आयबीएमच्या १९८१च्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. १९८३च्या एक्सटीबरोबर १० मेगाबाइटची आली. १९८४च्या एटी मॉडेलने बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा तक्ता ठेवला. कोणत्या प्रकाराला किती सिलिंडर, किती हेड हे त्यात नोंदलेले असे, आणि आपल्या डिस्कचा प्रकार क्रमांक बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉस मेमरीत साठवला जाई. बाजारातली नवी डिस्क तक्त्यात नसली, तर तिच्याहून लहान असा जवळचा प्रकार निवडायचा आणि उरलेल्या जागेवर पाणी सोडायचे. बॅटरी संपली की धडधाकट डिस्कसुद्धा मशीनच्या लेखी नाहीशी होई.

यावर कोणीही म्हणेल की प्रत्यक्षात निम्मे बिघाड सैल केबलचे आणि चुकीच्या जंपरचे असत. त्यात इतिहास कुठे आला? केबलचे मान्य. जंपरचे नाही. एटीमध्ये कंट्रोलर हे वेगळे कार्ड होते आणि एक कार्ड दोन डिस्क सांभाळी. १९८६मध्ये कॉम्पॅकच्या डेस्कप्रो ३८६मधून आयडीई डिस्क पुढे आली, तेव्हा कंट्रोलर डिस्कवरच चढला. पण जुने सॉफ्टवेअर चालत राहावे म्हणून डिस्कने त्या जुन्या कार्डाचेच सोंग घेतले. एका रिबन केबलवर दोन डिस्क लावल्या की दोन कंट्रोलर मिळून एकाच कार्डाची बतावणी करू लागत. दोघांनाही प्रत्येक आज्ञा ऐकू जाई, म्हणून उत्तर कोणी द्यायचे, म्हणजे मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, हे बोटाच्या पेराहून लहान जंपरने ठरवावे लागे. दोन्ही मास्टर ठेवले की कधी एकही डिस्क दिसत नसे. ही चूक हाताने होई खरी, पण तिची सोय १९८४च्या रचनेने करून ठेवली होती.

सर्वात बोलका पुरावा ५०४ मेगाबाइटच्या भिंतीचा आहे. बायोसला डिस्कवरची जागा सांगताना सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ मिळत. त्या हिशेबाने सुमारे ८.४ गिगाबाइटपर्यंत मजल जाई. आयडीईने सिलिंडरला १६, हेडला ४ आणि सेक्टरला ८ बिट दिले होते. तिथली मजल सुमारे १३७ गिगाबाइटची. दोन्ही आकडे त्या काळी चैनीचे होते. पण एक दार उंच आणि अरुंद, दुसरे रुंद आणि ठेंगणे. दोन्हींतून जायचे तर प्रत्येकाचे लहान मापच हाती उरते. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि सेक्टरमागे ५१२ बाइट, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. १९९०च्या दशकात डिस्क या मापाच्या पुढे गेल्या आणि नव्या कोऱ्या डिस्कचा मोठा भाग डॉसला दिसेनासा झाला. त्यावर बायोसने हेडची संख्या फुगवून सिलिंडरची संख्या कमी दाखवायला सुरुवात केली. सेटअपमध्ये ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ असे पर्याय आले. मग नवी गंमत: एका पर्यायावर पार्टिशन पाडलेली डिस्क दुसऱ्या पर्यायाच्या मशीनला लावली की आतला मजकूर शाबूत असूनही वाचता येत नसे.

या सगळ्याला अभियंत्यांची अदूरदृष्टी म्हणणे सोपे आहे, पण वरचा गुणाकार ते खोटे पाडतो. दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने भरपूर जागा सोडली होती. अडचण दोन शहाण्या निर्णयांच्या सांध्यात होती. आक्षेपाचे दुसरे रूप अधिक वजनदार आहे. स्कझी या दुसऱ्या जोडणी-पद्धतीच्या डिस्कना ब्लॉकचा सरळ क्रमांक दिला की काम भागे, सिलिंडर-हेडचा जाच आज्ञेत नव्हता. मग पीसीने तोच रस्ता का धरला नाही? याचे उत्तर किमतीत आहे. स्कझीला स्वतंत्र कार्ड लागे आणि डिस्कही महाग पडत. शिवाय तिथे आयडी आणि टर्मिनेटरचे वेगळे दुखणे होतेच. कोणाचीही डिस्क कोणाच्याही मदरबोर्डला लावता येते, या एका गुणावर पीसी स्वस्त झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा असेंबल्ड मशीनचा धंदा याच गुणावर उभा राहिला. जुन्या मदरबोर्डवर नवी डिस्क चढवायची मुभा हवी, तर जुने आकडेही सांभाळावे लागणार होते.

भिंती येत राहिल्या. ३२ गिगाबाइटला काही बायोस डिस्क ओळखतानाच गोठत, म्हणून उत्पादकांनी डिस्क लहान असल्याचे भासवणारा जंपर दिला. विकत घेतलेली जागा लपवण्यासाठीचा हा जंपर मला या सगळ्या इतिहासातली सर्वात प्रामाणिक वस्तू वाटते. १३७ गिगाबाइटची भिंत २८ बिटांच्या पत्त्याची होती आणि ती जास्त घातक ठरली. ड्रायव्हर जुना असेल तर मर्यादेपलीकडचे लेखन वळसा घेऊन डिस्कच्या सुरुवातीला पडू शके, आणि आधीची माहिती मुकाट्याने पुसली जाई. एटीए-६ने पत्ता ४८ बिटांचा केला. पुढे २००३पासून साटा केबल आली, एका केबलला एकच डिस्क, आणि मास्टर-स्लेव्हचा प्रश्न संपला.

मग आता तरी सुटका झाली? एक्सटीच्या काळातला, १९८३चा पार्टिशन तक्ता, म्हणजेच एमबीआर, सेक्टर ३२ बिटांत मोजतो. ५१२ बाइटच्या सेक्टरने ती मर्यादा सुमारे २.२ टेराबाइटवर येते. म्हणून ३ टेराबाइटची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडली की उरलेली जागा वापरताच येत नाही. तिच्यासाठी जीपीटी हा नवा तक्ता लागतो, आणि त्या डिस्कवरून विंडोज सुरू करायचे तर बायोसऐवजी यूईएफआय. गंमत अशी की जीपीटी डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये आजही एक एमबीआर लिहिलेला असतो. त्यात एकच नोंद असते: डिस्क भरलेली आहे. जुन्या सॉफ्टवेअरने तिला रिकामी समजून फॉरमॅट मारू नये, एवढ्यासाठीच ती ठेवली आहे. ३२-बिट विंडोज एक्सपी ही नोंद वाचून डिस्क उघडायला नकार देते, आणि जोडणारा पुन्हा केबल तपासू लागतो.