वाचलेला वेळ कुणाचा? : जाते, गिरणी आणि आमची चूल

आमच्या महाविद्यालयातील प्राध्यापक-कक्षात मागे एकदा स्वयंपाकघरातील कोणते साधन सर्वांत अधिक वेळ वाचविते यावर गप्पा रंगल्या होत्या. कुणी प्रेशर कुकरचे नाव घेतले, कुणी मिक्सरचे. एक ज्येष्ठ सहकारी मात्र उसासा टाकून म्हणाले, "यंत्रे आली आणि जाते गेले. जात्याबरोबर ओवी गेली, घराचे घरपण गेले." सर्वांनी माना डोलावल्या. मला ते जमले नाही. माझ्या डोळ्यांपुढे आजीचे तळहात आले.

त्या रविवारी मी कुंडलला घरी गेले आणि आजीला विचारले. ती हसली. म्हणाली, "जातं गेलं म्हणून रडनारा कवा जात्यावर बसला हुता का, इचार त्येला. हाताला घट्टं पडायचं पोरी. वटीत पोर, आन् हातात खुंटा. वव्या काय हौसंनं म्हनत हुतो? झोप लागू नये म्हनून म्हनत हुतो."

साधनांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो साधने विकत घेणाऱ्यांच्या बाजूने. ज्यांनी ती वापरली, ज्यांनी ती घडविली आणि ज्यांना त्यांच्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या बाजूने तो पाहिला तर प्रश्नच बदलतो. साधनाने किती वेळ वाचविला हे विचारून भागत नाही. वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडला, हे विचारावे लागते.

आमचा भाग ज्वारीचा. ज्वारीचे पीठ दळून ठेवले की काही दिवसांत त्याची विरी जाते. भाकरी थापताना फाटते, तव्यावर चिरते. म्हणून महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय नाही. दळण हे रोजचे किंवा दोन-तीन दिवसांआडचे काम. कोंबडा आरवण्यापूर्वी उठायचे, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ वैरण घालायची. पीठ पडल्यावर भाकरी, भाकरीनंतर पाणी, आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरी.

जुन्या वाड्यांतूनही वेळ वाचत होता. परंतु तो साधनाने नव्हे, माणसाने वाचत होता. सुताराने काठवट द्यावी, कुंभाराने मडकी द्यावीत, लोहाराने विळी आणि तवा द्यावा, मोलकरणीने दळावे, आणि महाराने लाकडे फोडून द्यावीत. ज्या चुलीसाठी त्याने लाकडे फोडली, ती चूल त्याने जन्मात पाहिली नाही. जात्याचे आणि पाट्याचे दगड झिजून गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागे. ते काम वडार, टकारी, पाथरूट या दगडाशी झुंजणाऱ्या जमातींचे. छिन्नी-हातोडीने त्या दगडाला पुन्हा दात फुटत आणि मगच घरात पीठ पडे. शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ही नावे आज सापडतात. विमुक्त याचा अर्थ, इंग्रजी अमदानीत यांच्यावर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावर तो कागदावरून पुसला गेला. गावाच्या जात्याला धार देणारे हात गावाच्या दृष्टीने चोराचे हात होते!

आणि आमच्या महारवाड्यात? इथे इतिहास अधिक क्रूर आहे. महारकीच्या बदल्यात गावातून भाकरी मागून आणायची ही रीत. शिळी भाकरी दळावी लागत नाही, थापावी लागत नाही. विषादाने म्हणावेसे वाटते, महारवाड्यातील वेळ वाचविणारे पहिले साधन म्हणजे ती भाकरीची पाटी! १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांची आशा सोडा. या आदेशाचे मोल आपण स्वाभिमानाच्या भाषेत नेहमी सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु ते मोल श्रमाच्या भाषेतही सांगितले पाहिजे. मागून आणलेली भाकरी बंद झाली तेव्हा घरोघरचे जाते अधिक फिरू लागले. पुरुषांनी पाटी टाकली. त्या पाटीची जागा बायकांच्या मनगटांनी भरून काढली. आजीच्या सासूने हे केले. तिचे नाव कोणत्याही परिषदेच्या वृत्तांतात नाही.

आता कुंडलकडे वळू. हे गाव औंध संस्थानात होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आपला कारखाना घेऊन आले ते कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर. जागा औंधच्या संस्थानिकांनी दिली. पुढे माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि स्टेशनचे नावही बदलले. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, पंप अशी यंत्रे इथून महाराष्ट्रभर गेली. वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. तरीही एक गोष्ट मनात येतेच. कडबा कापण्याच्या यंत्राने बैलाच्या जबड्याचे श्रम वाचविले. नांगराने शेतकऱ्याचे वाचविले. त्या माळापासून हाकेच्या अंतरावर बाई मात्र तोच दगड फिरवीत होती.

याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. शिकलेल्या मध्यमवर्गीय बाईचा संसार, तिचे आरोग्य, तिचे शिक्षण या विषयांना त्याने वाट करून दिली. महारवाड्यातील बाई त्याची वाचक नव्हती, कारण ती वाचूच शकत नव्हती. तिला त्या पानांवर स्वतःच्या शब्दांत बोलायला अर्धे शतक लागले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री'तूनच क्रमशः छापून आले. कोवळ्या सासुरवाशिणीला पहाटे उठवून जात्याला कसे जुंपले जाई, हे बेबीताईंनी सांगितले आहे. जुंपणारी सासू परकी नव्हती, आपल्यातलीच होती. हे सत्य आपणही झाकून ठेवू नये.

१९४३ ते १९४६ या काळात कुंडल हे प्रतिसरकारचे मोठे केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेचा इतिहास आम्हांला अभिमानाचा आहे. भूमिगतांना गावोगावच्या घरांनी भाकरी पुरविली असे सारेच सांगतात. त्या भाकरीचे पीठ पहाटे कुणी दळले, हे मात्र कुणी सांगत नाही. भाकरी देणारे घर इतिहासात येते, दळणारी बाई येत नाही.

मग इंजिनाची गिरणी आली. आजी लग्न होऊन आली त्या सुमारास, म्हणजे १९६० च्या आसपास, जवळच्या एका गावी अशी गिरणी होती. तिचा पुक् पुक् आवाज रानातून ऐकू येई. पहाटेचे दळण घटकाभरात होऊ लागले. वेळ वाचविणाऱ्या साधनांत माझ्या लेखी गिरणीचा मान पहिला. तिने आमच्या बायकांना जितके सोडविले तितके दुसऱ्या कोणत्याही यंत्राने सोडविले नाही. कुकर मुळात डाळ-भात शिजविणाऱ्या घराचा. भाकरी खाणाऱ्या घराचे ओझे उतरविले ते गिरणीनेच.

परंतु गिरणीचे एक यांत्रिक वैशिष्ट्य आहे. आधीच्या दळणाचे थोडे पीठ दगडांत राहते आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरते. यंत्राला जात ठाऊक नव्हती. ती डब्यांच्या रांगेला ठाऊक होती. आजी सांगते, "आमचा डबा शेवटाला. सकाळी ठिवला तरी शेवटाला. गावाचं समदं दळून झालं की मग आमचं. कवा कवा दिवं लागनीला." १९५० ची राज्यघटना आली होती, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा आला होता, डबा मात्र शेवटालाच होता. इंजिनाने जो वेळ वाचविला तो जातीने रांगेत उभे करून परत घेतला. यंत्र आले की जात आपोआप जाईल असे मानणाऱ्यांनी हा डबा लक्षात ठेवावा.

१९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. नेमक्या त्याच सुमारास, १९५९ मध्ये, मुंबईत हॉकिन्सच्या प्रेशर कुकरची सुरुवात झाली. वाफ कोंडून अन्न लवकर शिजविण्याची युक्ती देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ सालीच दाखविली होती. तीनशे वर्षे जुनी ती वाफ आमच्या घरी पोचली ती मी शाळेत असताना. आईने बचत गटाच्या पैशातून कुकर घेतला. तोवर आमचे वेळ वाचविणारे साधन म्हणजे चुलीची वैल. तव्यावर भाकरी, वैलावर कालवण. एकाच जाळात दोन कामे. कोण्या अक्षरशत्रू बाईनेच ही युक्ती प्रथम केली असणार.

कुकरने आईचा जो वेळ वाचला त्याचे काय झाले? ती त्या वेळात विसावली नाही. ती लवकर भांगलायला गेली, कारण लवकर जाणारीला काम मिळे. तिच्या भांगलणीच्या पैशांतून माझी पुस्तके आली. आमच्या घरातील पहिली पदवी या रीतीने शिजली आहे. म्हणून वाचलेला वेळ वाया गेला असे मी म्हणत नाही. तो तिचा झाला नाही, एवढेच म्हणते.

आणि ओवी? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमविल्या. त्यांत आपल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. ज्यांना पाटी-पेन्सिल नाकारली, त्यांनी दगडाच्या घरघरीत आपले साहित्य उभे केले. त्याचा अभिमान मला कुणाहून कमी नाही. परंतु ती प्रतिभा दगडाची नव्हती, बाईची होती. तिला जात्याऐवजी एक मोकळा तास आणि एक वही मिळाली असती तर तिने काय लिहिले असते, याचे दुःख करावे. जाते गेल्याचे दुःख करू नये.

हे सारे लिहिल्यावर स्वतःकडे बोट वळविणे भाग आहे. आज माझ्या घरी गॅस आहे, कुकर आहे, मिक्सर आहे. पहाटेची एस. टी. गाठायची म्हणून भाकऱ्या करायला एक मावशी येतात. आपल्याच वस्तीतल्या, आईच्या वयाच्या. त्या भाकऱ्या थापतात तेवढ्यात मी तासाची टिपणे काढते. वाड्यातील बाईचा वेळ ज्या रीतीने वाचत होता, माझा त्याच रीतीने वाचतो. मी पैसे देते, एकाच कपबशीतून चहा होतो, हा फरक खरा आहे. पण तो पुरेसा नाही.

गेल्या महिन्यात मावशींनी त्यांच्या नातीचे दहावीचे गणिताचे पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "बाई, मी हितं आसते तवा हिला कोन बगनार? संध्याकाळचं तुमी बगा की जरा." मी हो म्हटले. आता ती मुलगी रोज संध्याकाळी येते. तिच्या आजीने माझा जो तास वाचविला, तो मी तिला परत करीत आहे. हिशोब अजून पुष्कळ बाकी आहे.