'हार्ड रेन' : गाण्याचा अर्थ आणि गाण्याची तारीख

बॉब डिलनच्या 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' या गाण्याची एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं, जग अणुयुद्धाच्या तोंडाशी, आणि न्यूयॉर्कमधला २१ वर्षांचा एक पोरगा आता सगळं संपणार म्हणून भराभर हे गाणं लिहून काढतो. १९६३च्या रेकॉर्डच्या कव्हरवरच ही गोष्ट छापली होती. पण तारखा जुळत नाहीत.

केनेडींनी क्षेपणास्त्रांची बातमी देशाला दिली २२ ऑक्टोबरला. डिलननं हे गाणं कार्नेगी हॉलमध्ये गायलं २२ सप्टेंबरला. बरोबर एक महिना आधी!

मग ही भीती आली कुठून? आपण थोडं मागं जाऊ. सप्टेंबर १९६१मध्ये सोव्हिएत संघानं अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या, एप्रिल १९६२मध्ये अमेरिकेनं हवेतल्या. किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत उतरत होतं. सेंट लुईसमध्ये ते मोजायला मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले जात होते. म्हणजे बघा, क्यूबाच्या आधीच भीती घरात, जेवणाच्या टेबलावर येऊन बसली होती.

आता गाण्याचा साचा पाहू. तो 'लॉर्ड रँडल' या जुन्या बॅलडचा. आई विचारते, मुलगा उत्तरं देतो, आणि हळूहळू कळतं की त्याला विष दिलंय. ज्यांना बॅलड ठाऊक, त्यांना डिलनच्या गाण्यातला पहिला प्रश्न ऐकताच शेवटाची चाहूल लागते. पुढच्या सडलेल्या, विचित्र प्रतिमा सुट्या वाटल्या तरी त्यांना हा धागा बांधून ठेवतो. फरक एवढाच की इथं विष एका मुलाला नाही, सगळ्या जगाला चढलंय.

म्हणून तो पाऊस अणुबाँबचाच, असं आपण म्हणून टाकतो. १९६३मध्ये स्टड्स टर्केल यांनी मुलाखतीत हेच सुचवलं, तेव्हा डिलननं नकार दिला. हा अणूचा पाऊस नव्हे, म्हणाला. आणि गाण्यातलं विष म्हणजे रेडिओ-वर्तमानपत्रांतून लोकांना पाजलं जाणारं खोटं. अर्थात, कवीचं म्हणणं हाही एक पुरावाच, शेवटचा निवाडा नव्हे.

मग क्यूबाची गोष्ट खोटी म्हणून फेकून द्यायची का? नाही. गाणं कसं लिहिलं गेलं हे ती सांगत नाही, पण ते कसं ऐकलं गेलं हे नक्की सांगते. मे १९६३मध्ये रेकॉर्ड बाजारात आली, तेव्हा ऐकणारे ते तेरा दिवस जगून आले होते. त्यांच्या कानांत पावसाला दुसरा अर्थच उरला नव्हता.

असं काळोखं गाणं समोर आलं की आपण दोन प्रश्न वेगळे ठेवू या: ते लिहिलं कधी, आणि ऐकलं कोणी, कधी? दोन्हींची उत्तरं एक करून टाकली, की एका संकटाची गोष्ट हाती राहते आणि त्याआधीची दुधातली भीती इतिहासातून गळून जाते.