अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन सायकली, दोन किमती

रोड सायकल घेण्याचा निश्चय करून दुकानात शिरलेल्या ग्राहकापुढे बहुधा एकच पेच उभा राहतो. अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या असतात. समजा, एकीची किंमत ५५ हजार रुपये आहे आणि दुसरीची १ लाख १० हजार. दोघींचे हँडल खाली वळलेले, चाके सारख्याच मापाची, घडणही जवळपास एकच. मग वरचे ५५ हजार कशाचे? मध्यमवर्गीय कुटुंबात ही रक्कम सहज खर्ची पडत नाही. स्वस्त सायकल घेऊन वर्षभरात ती अपुरी वाटू लागली तर पैसे दोनदा जातात, आणि महाग सायकल गॅलरीत धूळ खात पडली तर ते एकदाच, पण पुरतेच जातात. म्हणूनच किमतीतला फरक नेमका कोणत्या भागांत मुरलेला असतो, हे आधी समजून घेणे हिताचे ठरते.

अ‍ॅल्युमिनिअमचा गुणधर्म

शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम मऊ असते. सायकलीसाठी त्याचे मिश्रधातू वापरतात. त्यांतील ६०६१ आणि ७००५ हे क्रमांक ग्राहकाच्या कानावर हमखास पडतात. पहिल्यात मॅग्नेशियम व सिलिकॉन, तर दुसऱ्यात प्रामुख्याने जस्त मिसळलेले असते. यातला एक उत्तम आणि दुसरा हलका असे मुळीच नाही. दोन्हींपासून चांगल्या आणि सुमार अशा दोन्ही प्रकारच्या फ्रेम बनतात.

अ‍ॅल्युमिनिअमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आहे, मात्र त्याचा ताठरपणाही तेवढाच, म्हणजे एकतृतीयांश आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी नळ्या जाड व्यासाच्या ठेवाव्या लागतात. इटलीच्या अलान कंपनीने १९७०च्या दशकात अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेम बाजारात आणल्या, तर अमेरिकेतील कॅननडेलने १९८३ साली जाड नळ्यांची आपली पहिली सायकल विकायला काढली. १९९८ची टूर द फ्रान्स जिंकणारा इटलीचा मार्को पँटानी अ‍ॅल्युमिनिअमच्याच बिआंकी सायकलीवर होता. पुढे अव्वल स्पर्धांमध्ये कार्बन फायबरने ही जागा घेतली. तरीही हौशी सायकलपटूसाठी हा धातू दुय्यम ठरत नाही.

फ्रेम आणि चिमटा

किमतीची तुलना करताना सर्वांत आधी पाहावी ती फ्रेम. अनेक कंपन्या एकच फ्रेम दोन-तीन किमतींना विकतात आणि त्यावरचे सुटे भाग तेवढे बदलतात. तसे असेल तर सायकलीचा आत्मा दोन्ही ठिकाणी एकच आहे आणि जास्तीचे पैसे केवळ भागांचे आहेत. दोन्ही मॉडेलांची मापे व मिश्रधातूचा तपशील कंपनीच्या माहितीपत्रकात पडताळून पाहिला की याचा उलगडा होतो.

फ्रेम वेगळी असेल तर महाग सायकलीत नळ्या 'बटेड' असण्याची शक्यता जास्त असते. अशा नळीची भिंत जोडाजवळ जाड आणि मध्यभागी पातळ ठेवलेली असते. त्यामुळे वजन घटते, पण जिथे ताण येतो तिथली ताकद टिकते.

पुढच्या चाकाचा चिमटा, म्हणजे फोर्क, हा दुसरा महत्त्वाचा भाग. स्वस्त सायकलीत तो पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा असतो, महाग सायकलीत कार्बनचा. कार्बनचा चिमटा वजन कमी करतो आणि रस्त्याची बारीक थरथर हातांपर्यंत कमी पोहोचू देतो. चार-पाच तास सायकल चालवणाऱ्याच्या मनगटांना हा फरक जाणवतो, अर्ध्या तासात ऑफिस गाठणाऱ्याला फारसा नाही.

गिअरचा संच

किमतीतला मोठा वाटा गिअरच्या संचाचा. जपानच्या शिमानो कंपनीच्या रोड सायकलींच्या मालिका सर्वांत परिचित आहेत. क्लॅरिसमध्ये मागे ८ दातेरी चकत्या, सोरामध्ये ९ आणि टिआग्रामध्ये १० असतात. त्यावरच्या '१०५' या मालिकेची ११ चकत्यांची आवृत्ती २०१४ मध्ये आली, तर १२ चकत्यांची विजेवर चालणारी आवृत्ती २०२२ मध्ये आणि केबलची २०२३ मध्ये.

चकत्या वाढल्या म्हणजे सायकल आपोआप वेगवान होते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सर्वांत जड आणि सर्वांत हलका गिअर दोन्ही संचांत जवळपास सारखा असू शकतो. वाढतात त्या मधल्या पायऱ्या. त्यामुळे पायडल मारण्याची लय फारशी न मोडता गिअर बदलता येतो. समूहातून वेगाने जाणाऱ्याला याचा उपयोग आहे.

घाट चढणाऱ्याने मात्र चकत्यांची संख्या न मोजता दाते मोजावेत. पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी ३२ दात्यांची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे सरकते. हेच आकडे ३६ आणि २८ असतील तर ती २.७ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे धरले तर पहिल्या जोडीवर ताशी ८ किलोमीटर वेगाने चढता येते, तर दुसऱ्या जोडीवर तीच लय राखण्यासाठी जवळपास पावणेदहाचा वेग ठेवावा लागतो. शर्यतीसाठी बांधलेली महाग सायकल नवशिक्याला खंडाळ्याच्या चढावर स्वस्त सायकलीहून अधिक दमवू शकते, ती अशी.

देखभालीचा खर्चही ध्यानात घ्यावा. ८ चकत्यांची साखळी जाड असते, स्वस्त असते आणि तुलनेने सहज मिळते. ११ किंवा १२ चकत्यांची साखळी पातळ आणि महाग असते. ती झिजली की वेळेवर बदलावी लागते, नाहीतर महागड्या चकत्याही झिजतात.

ब्रेक : जिथे तडजोड नको

सपाट, कोरड्या रस्त्यावर चांगला रिम ब्रेक पुरेसा असतो. पण महाराष्ट्रात चार महिने पाऊस पडतो. ओल्या रिमवर रबराची पकड बसायला क्षणभर उशीर होतो, चिखलातली रेती रिम खरवडते, आणि घाटाच्या उतारावर तो क्षण मोलाचा असतो. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्याजवळ असल्याने ती पाण्याचिखलापासून दूर राहते.

डिस्कमध्येही दोन प्रकार आहेत. केबलवर चालणारा ब्रेक स्वस्त असून गल्लीतला कारागीरही तो नीट करू शकतो. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने दाबला तरी उत्तम काम करतो. लांबच्या उतारावर हात अवघडत नाहीत. मात्र त्यातले तेल भरण्यासाठी आणि हवा काढण्यासाठी जाणकार लागतो. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेलच घालावे लागते, मोटारीचे ब्रेक ऑइल चालत नाही. आपल्या गावात हे काम करणारे कोणी आहे का, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

चाके आणि टायर

स्वस्त सायकलीची चाके जड पण दणकट असतात. आरे अधिक असल्याने खड्ड्यात आदळूनही ती सहसा तग धरतात. महाग सायकलीची चाके हलकी असतात, परंतु फार कमी आऱ्यांची चाके शहरी खड्ड्यांना साजेशी नाहीत.

त्याहून महत्त्वाची आहे ती टायरसाठी फ्रेममध्ये ठेवलेली जागा. पूर्वी २३ मिलिमीटर रुंदीचे टायर शर्यतीत रूढ होते. आता २८ मिलिमीटर सर्वत्र दिसतात. आपल्या रस्त्यांवर २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर सुखाचे ठरतात. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो, धक्के कमी बसतात आणि खड्ड्याच्या कडेला ट्यूब चिमटून होणारी पंक्चरही घटतात. मडगार्ड व कॅरिअर बसवण्यासाठी भोके आहेत का, हेही पाहावे. रोज कामावर जाणाऱ्यासाठी ती भोके कार्बनच्या चिमट्याहून मोलाची.

वजनाचा हिशेब

दुकानात सर्वाधिक बोलबाला वजनाचा होतो. समजा स्वस्त सायकल साडेदहा किलोची आहे आणि महाग ९ किलोची. स्वार ७० किलोचा व पाण्याच्या बाटल्या दीड किलोच्या धरल्या, तर पहिल्या सायकलीसह एकूण भार ८२ किलो होतो. दीड किलोचा फरक म्हणजे जेमतेम दोन टक्के. ६०० मीटर उंचीचा घाट सुमारे ५५ मिनिटांत चढणाऱ्याचा त्यामुळे एखादा मिनिट वाचेल. सपाटीवर हा फरक जवळपास लोप पावतो, कारण तिथे मुख्य विरोध हवेचा असतो. स्पर्धेत उतरणाऱ्याला एक मिनिट फार मोठा. इतरांनी त्यासाठी किती मोजायचे, ते स्वतःच ठरवावे.

लांब पल्ल्याची 'ब्रेव्हे' करू पाहणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथे २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तासांची मुदत असते. विश्रांती व खाणेपिणे धरून ताशी सुमारे १५ किलोमीटरची सरासरी पुरते. ती साधी सायकलही गाठून देते. प्रश्न तितका वेळ सायकलीवर बसता येण्याचा असतो.

माप चुकले तर सारे चुकले

म्हणूनच किमतीच्याही आधी माप येते. उंचीवरून फ्रेमचा अंदाज येतो, परंतु सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींचे पाय आणि धड यांचे प्रमाण वेगळे असते. जांघेपासून तळव्यापर्यंतच्या लांबीला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. ८० सेंटिमीटर लांबी असेल तर ती सुमारे साडेसत्तर सेंटिमीटर येते. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावेत, खांदे ताणले जाऊ नयेत. योग्य मापाची स्वस्त सायकल आणि सवलतीत मिळणारी एक माप मोठी महाग सायकल यांत निवड करायची झाल्यास पहिलीच घ्यावी. पाठ आणि गुडघे सवलत देत नाहीत.

नंतर भाग बदलता येतील?

'आता स्वस्त घेऊ, पुढे भाग बदलू' हा विचार अर्धाच खरा आहे. टायर, सीट, पायडल, चाके हे भाग सहज बदलतात. पण ८ चकत्यांवरून ११ वर जायचे तर लिव्हर, दोन्ही डिरेलर, चकत्या, साखळी आणि बरेचदा मागचा हबही बदलावा लागतो. सुटे भाग किरकोळीने घेतल्यास खर्च दोन सायकलींच्या किमतीतील फरकाच्या जवळ जाऊन पोहोचतो. रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क बसवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे आधारच फ्रेमवर नसतात. क्लॅरिस व सोराच्या लिव्हरमध्ये हायड्रॉलिक ब्रेकची सोय नाही. ती टिआग्रापासून मिळते. सारांश, जे बदलता येणार नाही त्यासाठी पैसे आधी मोजावेत आणि जे बदलता येते ते पुढे ढकलावे.

कोणी कोणती घ्यावी?

दोन्ही सायकलींची फ्रेम, चिमटा आणि ब्रेकचा प्रकार एकच असेल, तर पहिल्यांदाच रोड सायकल घेणाऱ्याने स्वस्त सायकल निवडावी. वाचलेल्या रकमेतून हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, पंप, जादा ट्यूब, कुलूप आणि चांगले टायर घ्यावेत. या वस्तूंशिवाय कोणतीही सायकल अपुरीच असते, आणि नेमका हाच खर्च अंदाजपत्रकात धरायचा राहून जातो.

महाग सायकलीत डिस्क ब्रेक, कार्बनचा चिमटा आणि रुंद टायरसाठी जागा असेल आणि स्वस्त सायकलीत यातले काहीच नसेल, तर आठवड्याला १०० किलोमीटरहून अधिक चालवणाऱ्याने, पावसात वा घाटात जाणाऱ्याने जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. फरक केवळ दोन-तीन चकत्यांचा आणि काहीशे ग्रॅमचा असेल, तर ते मोजू नयेत.

घेतल्यानंतर

अ‍ॅल्युमिनिअमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण घामाने आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने ते झिजते. मुंबई-कोकणात फ्रेम पुसून ठेवणे आणि सीटची नळी मधूनमधून काढून तिला ग्रीस लावणे गरजेचे आहे, नाहीतर ती आतच जाम बसते. शिवाय या धातूला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. छोटे ताणही वर्षानुवर्षे साठत जातात. जोडाजवळच्या रंगावर बारीक रेघ दिसली तर ती ओरखडा समजून सोडून देऊ नये. पोलादी फ्रेम मोडली तर वेल्डिंग करून चालवता येते. अ‍ॅल्युमिनिअमच्या बाबतीत वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि ६०६१ला तर त्यानंतर भट्टीतली प्रक्रिया द्यावी लागते. रस्त्याकडेच्या दुकानात ती होत नाही. त्यामुळे फ्रेमची हमी किती वर्षांची आहे आणि तिच्या अटी काय आहेत, हे बिलाबरोबर लेखी घ्यावे. किमतीच्या चिठ्ठीवर न छापलेली, पण दोन सायकलींतील निवड अनेकदा ठरवून टाकणारी ही बाब आहे.