पुंजविज्ञानाचीं पुस्तकें व सामान्य वाचक

यवतमाळास आमच्या स्नेह्यांपैकीं कोणी वकील, कोणी शिक्षक आम्हांस वारंवार विचारतात कीं, गणित न जाणणाऱ्यानें पुंजविज्ञानावर कोणतें पुस्तक वाचावें? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं अशा पुस्तकांचा थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे.

ऊर्जेची देवघेव पुंजांनीं होते, ही कल्पना प्लांकनें १९०० सालीं मांडली. हायझेनबर्गनें १९२५ त व श्रोडिंगरनें १९२६ त तिचें शास्त्र रचलें. त्याची शाई वाळते न वाळते तोंच एडिंग्टनचें ‘दि नेचर ऑफ दि फिजिकल वर्ल्ड’ (१९२८) व जीन्सचें ‘दि मिस्टीरिअस युनिव्हर्स’ (१९३०) हे ग्रंथ निघाले. दोघेही थोर ज्योतिर्विद व सिद्धहस्त लेखक; परंतु अणूपासून निघून दोघेही अखेर चैतन्यापाशीं पोंचले. पायांखालची फळी वस्तुतः भरीव नाहीं, असें एडिंग्टन सांगतात. फळी जर भरीव नाहीं, तर ‘भरीव’ ह्या शब्दाला अर्थ तरी कोणता उरला, असा प्रश्न सुझन स्टेबिंग ह्या विदुषीनें १९३७ सालीं केला. विद्यार्थिदशेंत आम्हीही जीन्सच्या शैलीवर लुब्ध होऊन विषय समजला असें मानीत होतों; उदाहरण मात्र एकही सुटत नव्हतें!

फाइनमनचें ‘क्यू. ई. डी.’ (१९८५) ह्याहून वेगळें आहे. कांचेच्या एका पृष्ठावरून शंभरांपैकीं सुमारें ४ प्रकाशकण परततात. दोन पृष्ठें असलीं म्हणजे कांचेच्या जाडीप्रमाणें ही संख्या ० पासून १६ पर्यंत बदलते. हें कसें मोजावें तें तो लहान बाणांच्या आकृतींनीं शिकवितो, आणि निसर्ग असा कां वागतो हें ठाऊक नाहीं, असें स्पष्ट सांगतो.

आमच्याकडे जीन्सचा मोह दुणावतो. ‘निरीक्षक’ शब्द दिसतांच त्यास वेदान्तांतील ‘साक्षी’ ठरविण्यास आम्हीं उत्सुक! वस्तुतः त्या गणितांत मनाचें पद कोठेंच येत नाहीं. वेदान्तास अशा उसन्या आधाराची गरज नाहीं आणि विज्ञानास अशा अलंकाराची नाहीं.

२०२१ च्या नाशिक साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद जयंत नारळीकरांस देऊन मराठी साहित्यानें विज्ञानलेखनाचा सन्मान केला. आतां त्याची परीक्षाही साहित्यानें करावी. म्हणून आमच्या स्नेह्यांस आमचें सांगणें एवढेंच: ज्या पुस्तकांत प्रयोग आधीं व आश्चर्य मागाहून येतें, आणि जेथें विज्ञान संपून लेखकाचें मत सुरू होतें ती सीमा लेखक स्वतः दाखवितो, तें पुस्तक घ्यावें. केवळ थक्क करून सोडणारें पुस्तक कितीही गोड असलें तरी तें फळीवर परत ठेवावें.