‘बर्न’ शब्दाची हरवलेली मात्रा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास शाळेंत सांगतात कीं, क्रियापदास ‘काय?’ किंवा ‘कोणास?’ असें विचारावें. उत्तर आलें तर तें सकर्मक, न आलें तर अकर्मक. मुलगा ‘बर्न’ ह्या शब्दापाशीं येतो आणि गोंधळतो. लाकूड जळतें तेंही ‘बर्न’ आणि कोणी लाकूड जाळतो तेंही ‘बर्न’! मराठींत एक काना वाढला कीं उलगडा होतो. मरणें-मारणें, पडणें-पाडणें, जळणें-जाळणें हीं जोडपीं आम्हांस आईच्या मांडीवरच अवगत झालेलीं असतात. म्हणूनच इंग्रजीचा हा दुटप्पीपणा आम्हांस विशेष खटकतो.

परंतु इंग्रजी भाषा पूर्वीं अशी नव्हती. नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें, त्यापूर्वींच्या अँग्लो-सॅक्सन भाषेंत जळण्यास ‘बिर्नन’ व जाळण्यास ‘बॅर्नन’ असे दोन निराळे शब्द होते. वितळणें व वितळविणें ह्यांसही तसेच दोन. मूळ धातूस यकारयुक्त प्रत्यय लावून प्रयोजक रूप साधावयाचें आणि त्या प्रत्ययाच्या संसर्गानें आधींचा स्वर पालटावयाचा, अशी ही जुनी व्यवस्था. संस्कृतांतील प्रयोजकाचा ‘अय’ हा त्या प्रत्ययाचा दूरचा भाऊबंदच होय. पुढें शब्दांचे शेवट झिजले, स्वर एकमेकांत मिसळले आणि दोहोंचा एक शब्द झाला. सिट-सेट, फॉल-फेल, लाय-ले असे कांहीं अवशेष उरले. त्यांतलें शेवटचें जोडपें तर फारच खोडकर! आडवें होण्याच्या ‘लाय’चें भूतकाळीं रूपही ‘ले’च. येथें खुद्द इंग्रजांचीं मुलेंही चुकतात, हें आमच्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

रूपाची खूण अशी गेल्यावर व्याकरणकारांनीं अर्थाचा आधार घेतला. अमेरिकेंत जन्मून यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या लिंड्ले मरे ह्याचें व्याकरण १७९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत क्रियापदांचे ‘ॲक्टिव्ह’, ‘पॅसिव्ह’ व ‘न्यूटर’ असे तीन वर्ग असून, क्रिया कर्त्याकडून कर्माकडे ओलांडून जाते म्हणून पहिल्यास ‘ट्रान्झिटिव्ह’ही म्हणतात, असा खुलासा आहे. कल्पना मूळची लॅटिनांतली. पण मीं पर्वत पाहिला, तर मजकडून पर्वताकडे काय ओलांडून गेलें? कर्त्यास क्रियेच्या द्वारें जें सर्वांत इष्ट तें कर्म, ही पाणिनीची दृष्टि आम्हांस येथें अधिक समंजस वाटते.

इंग्रजींतील ही सरमिसळ अजून थांबलेली नाहीं. ‘सेल’ म्हणजे विकणें, हें सकर्मक खरें. तथापि पुस्तक चांगलें ‘सेल’ होतें असें इंग्रज खुशाल म्हणतो. मराठी दुकानदार मात्र पुस्तक विकतो, आणि त्याचें पुस्तक खपतें.