जावास्क्रिप्टमधील ‘व्हार’ आणि लिंटरची शिस्त

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा व्हेरिएबल, म्हणजे मूल्य साठवण्यासाठी नाव दिलेली जागा, घोषित करण्यास ‘व्हार’ हा एकच शब्द होता. या शब्दाने घोषित केलेल्या व्हेरिएबलची व्याप्ती महिरपी कंसापुरती न राहता संपूर्ण फंक्शनभर पसरते, आणि सी किंवा जावाला सरावलेल्या प्रोग्रामरची फसगत नेमकी इथेच होत असे. शून्यापासून दोनपर्यंत मोजणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक फेरीचा आकडा सेकंदाभराने छापण्याची सूचना दिली, तर ०, १, २ ऐवजी ३, ३, ३ असे उमटते. कारण तिन्ही सूचना एकाच व्हेरिएबलकडे पाहतात आणि छपाईची वेळ येईपर्यंत त्याचे मूल्य ३ झालेले असते.

या भाषेच्या जून २०१५ च्या प्रमाणकाने कंसापुरते मर्यादित राहणारे ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आणले. ‘कॉन्स्ट’ला तर एकदा दिलेले मूल्य बदलूनही देता येत नाही. तरीही ‘व्हार’ रद्द करणे अशक्य होते. कुणीही १९९८ सालचे पान आज उघडले, तरी ते चाललेच पाहिजे, हा वेबचा अलिखित करार आहे, आणि तो मोडला असता तर असंख्य जुनी पाने एका दिवसात बंद पडली असती.

भाषेला जे बंद करता आले नाही, ते व्यवसायाने शिस्तीने आवरले. प्रोग्राम न चालवता त्याचा मजकूर वाचून संशयास्पद जागा दाखवणारे ‘लिंट’ हे साधन बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी रचले होते. डग्लस क्रॉकफर्ड यांचे जेएसलिंट ही त्याच परंपरेतील जावास्क्रिप्टची पहिली प्रभावी आवृत्ती, पण त्यात कर्त्याची मते फार ठाम होती. निकोलस झाकास यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ईएसलिंटने प्रत्येक नियम स्वतंत्र ठेवून तो चालू-बंद करण्याची मुभा दिली, आणि हाच निर्णय सर्वांत दूरदृष्टीचा ठरला. कारण ‘नो-व्हार’ हा नियम लावणारा गट आपल्या नव्या मजकुरातून ‘व्हार’ हद्दपार करतो आणि दुसऱ्या कुणाच्याही पानाला धक्का लावत नाही. हे साधन बहुतेक ठिकाणी ‘व्हार’च्या जागी आपणहून ‘लेट’ घालते, मात्र वर सांगितलेल्या लूपसारख्या ठिकाणी, जिथे शब्द बदलला की छापले जाणारे आकडेही बदलतात, ते केवळ इशारा देते आणि दुरुस्ती प्रोग्रामरवर सोपवते.